शाळेच्या दाखल्यावर लसीची एक ओळ हवी

आपल्या समाजातील जवळजवळ प्रत्येक घराला शाळेच्या रजिस्टरमधील एका ओळीची किंमत माहीत आहे. जातीचा दाखला काढायचा किंवा त्याची पडताळणी करून घ्यायची म्हटले, की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधण्याची धावपळ सुरू होते. आजोबा, पणजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे नाव कितव्या क्रमांकावर आहे, जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहण्यासाठी माणसे अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्रीकडच्या खेड्यांतील शाळांचे उंबरे झिजवतात. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी शाईने लिहिलेली ओळ आज नातवाचा प्रवेश किंवा नात-पणतीची नोकरी ठरवते.

इतक्या काळजीने जपलेले हे रजिस्टर मुलाच्या लसीकरणाबद्दल मात्र काहीच सांगत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचे नाव, जन्मस्थळ, मातृभाषा, जात, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, सगळे असते. घटसर्प आणि धनुर्वाताचा डोस मुलाला मिळाला की नाही, यासाठी रकाना नसतो. ही त्रुटी लहान वाटते, पण तिच्यातून मुले निसटतात, आणि सर्वात आधी कोणाची मुले निसटतात हे आपल्याला सांगायला नको. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी तो आधी नीट समजून घेऊ.

तीन डोस, तीन सांधे

लसीकरण म्हटले की आपल्याला तान्ही बाळे आठवतात. सरकारी वेळापत्रकाचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांत संपतो हे खरे आहे. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी; सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट आणि सोबतच्या लसी; नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, म्हणजे एमआरचा पहिला डोस; सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान एमआरचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर.

पण वेळापत्रक तेथे थांबत नाही. पाच ते सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो. तो घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींसाठी. दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी टीडी असते, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. पूर्वी या दोन वयांत फक्त धनुर्वाताचे टीटी इंजेक्शन मिळत असे. घटसर्पाचा धोका मोठ्या मुलांतही उरतो म्हणून त्याच्या जागी टीडी आली. बाळपणीच्या डोसाने मिळालेली ताकद वर्षागणिक कमी होत जाते आणि बूस्टर ती पुन्हा भरून काढतो. भारतात अलीकडे घटसर्पाचे बरेच रुग्ण पाच वर्षांवरील मुलांमध्ये सापडतात, त्याचे एक मोठे कारण हे राहिलेले बूस्टर आहे.

आता ही तीन वये शाळेच्या प्रवासावर ठेवून पाहा. सहा वर्षे पूर्ण झाली की मूल अंगणवाडीतून किंवा बालवाडीतून पहिलीत येते. दहा वर्षांचे मूल साधारण पाचवीत असते, आणि आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच असल्याने नेमके तेव्हाच ते दाखला घेऊन दुसऱ्या गावच्या हायस्कुलात जाते. सोळावे वर्ष दहावी-अकरावीचे, म्हणजे पुन्हा शाळा सुटून कनिष्ठ महाविद्यालय, आयटीआय किंवा थेट कामधंदा.

म्हणजे तिन्ही डोस अगदी सांध्यावर येतात. अंगणवाडी सेविकेला वाटते, मूल आता शाळेत गेले. पहिलीच्या शिक्षकांना वाटते, लसीचे काम अंगणवाडीने आणि आरोग्य खात्याने केले असेल. चौथीची शाळा म्हणते, पुढची शाळा बघेल. दहावीची शाळा परीक्षेच्या गडबडीत असते. एका संस्थेची जबाबदारी संपते आणि दुसरीची सुरू झालेली नसते. या फटीत डोस राहून जातो, आणि राहिला हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

नोंद असते, पण कोणाकडे?

एका मुलाच्या लसीची नोंद आज कितीतरी ठिकाणी विखुरलेली असते. घरी माता-बाल संरक्षण कार्ड असते, ज्याला लोक डोसचे कार्ड म्हणतात. उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेकडे तिचे रजिस्टर असते. आशाताईंकडे कोणत्या बाळाचा कोणता डोस बाकी आहे याची यादी असते. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या मुलाची वेगळी फाईल असते. भुसावळमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलांची नोंद रेल्वेच्या रुग्णालयात असू शकते. जळगाव आणि धुळे शहरांत महापालिकेची आरोग्य यंत्रणा आहे, गावांत जिल्हा परिषदेची. गावातून शहरात राहायला आलेले मूल एका यंत्रणेतून दुसरीत जाते, पण त्याचे कागद सोबत जातातच असे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतील अडचणी शोधणे हे त्याचे मुख्य काम आहे. म्हणजे डॉक्टर शाळेत येतात, वर्गातील प्रत्येक मूल त्यांच्यासमोर उभे राहते, पण मुलाचे डोसचे कार्ड त्या वेळी घरच्या पेटीत असते.

शाळेकडे सरकारी माहिती भरण्याचे काम कमी नाही. सरल झाले, यू-डायस झाले, अपार क्रमांक आला. यू-डायसमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली का, जंतनाशक गोळ्या दिल्या का, असे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर संपूर्ण शाळेसाठी एकदाच द्यायचे असते. पाचवीतील अमुक मुलीचा टीडीचा डोस बाकी आहे, हे त्या उत्तरातून कळत नाही.

आकडा आणि नाव

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा फरक आहे. आकडा वेगळा आणि नाव वेगळे.

आरोग्य पथक शाळेत येते, पाचवीच्या मुलांना टीडी देते आणि वर अहवाल जातो : इतक्या मुलांना दिली. समजा वर्गात ४० मुले पटावर आहेत आणि ३१ जणांना लस मिळाली. अहवालात ३१ लिहिले जातात. उरलेली नऊ कोण? कोणी आजारी होते, कोणाच्या पालकांनी नको म्हटले, कोणाला खासगी दवाखान्यात आधीच मिळाली होती, कोणी कुटुंबासोबत परगावी गेले होते. या नऊ मुलांची नावे कोणाकडे लिहिलेली नसतील, तर पुढच्या महिन्यात त्यांना कोण शोधणार? पुढच्या वर्षी पथक येईल ते नव्या पाचवीसाठी. ही नऊ मुले सहावीत गेलेली असतील.

कोविडच्या काळात हेच काम नावानिशी कसे होते ते आपण पाहिले. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली. प्रत्येक मुलाची कोविनवर नोंद झाली, मोबाईलवर संदेश आला, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र मिळाले, दुसरा डोस कधी घ्यायचा तेही कळले. त्याच मुलांना शाळेत मिळालेल्या टीटी किंवा टीडीचा पुरावा विचारला, तर बहुतेक घरांत दाखवायला काही नसते. यंत्रणा तीच, मूलही तेच. म्हणजे नावानिशी नोंद ठेवणे आपल्याला जमत नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

कोविनच्या धर्तीवर नेहमीच्या लसीकरणासाठी यू-विन तयार झाले. २०२३ च्या जानेवारीत काही जिल्ह्यांत प्रयोग झाला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ते देशभरासाठी सुरू झाले. गर्भवती स्त्री आणि बाळ यांची नोंद त्यात नावानिशी होते, प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावरही पुढचा डोस घेता येतो. ही चांगली गोष्ट आहे. पण हिशेब करून पाहा. २०२४ च्या अखेरीस जन्मलेले बाळ २०३१ मध्ये पहिलीत येईल आणि २०३५ मध्ये पाचवीत. आज पाचवीत किंवा दहावीत असलेल्या मुलांचे बाळपणीचे डोस कागदावरच आहेत. पुढची दहा वर्षे तरी शाळेला कागद आणि मोबाईल दोन्ही सांभाळावे लागतील.

दिवाळी ते आखाजी

खानदेशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चाळीसगाव, साक्रीसारख्या तालुक्यांतून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात. काही गुजरातेत जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर भागांतील पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबेही कामाच्या मागे फिरतात. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये तर खानदेशी माणसांच्या वस्त्याच आहेत. माणसे होळीला, काही आखाजीला गावी परततात. दलित, आदिवासी, भटक्या समाजांची मुले यांत मोठ्या संख्येने आहेत.

२०१८ चे उदाहरण घ्या. नऊ महिने ते १५ वर्षांच्या आतील सर्व मुलांना आधीचे डोस झालेले असोत वा नसोत, गोवर-रुबेलाचा एक डोस देण्याची मोठी मोहीम राज्याराज्यांत झाली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि तिचा मोठा भर शाळांवर होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होते. म्हणजे मोहीम सुरू झाली तेव्हा ऊसतोडीची कितीतरी कुटुंबे गाव सोडून गेली होती. गुजरातेत हीच मोहीम आधीच, जुलैमध्ये सुरू झाली होती. जुलैत खानदेशात आणि नोव्हेंबरात गुजरातेत असलेले मूल दोन्हीकडून सुटू शकत होते. यात पालकांचा हट्ट नव्हता आणि आरोग्य सेविकेचा आळसही नव्हता. दोन राज्यांच्या तारखा आणि एका कुटुंबाचा हंगाम जुळले नाहीत, आणि मुलासोबत प्रवास करणारी नोंद नव्हती.

अशा फटींची किंमत २०२२ मध्ये दिसली. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी भागातून गोवरच्या उद्रेकाच्या बातम्या आल्या, आणि पाठोपाठ भिवंडी व मालेगावातून. मुले दगावली. मालेगाव धुळ्यापासून मुंबई-आग्रा महामार्गाने पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि दोन्ही गावांत रोजची ये-जा आहे. गोवर हा सर्वात वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक आहे. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. म्हणून शंभरातील पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले पाहिजेत, असे तज्ज्ञ सांगतात. जिल्ह्याची सरासरी चांगली असली तरी एका वस्तीत निम्मी मुले राहिलेली असू शकतात, आणि साथ त्या वस्तीतच शिरते.

गोवर-रुबेला संपवण्यासाठी केंद्र सरकारने २०२६ हे लक्ष्यवर्ष ठरवले आणि २४ एप्रिल २०२५ रोजी त्यासाठी मोहीम जाहीर केली. सरासरीच्या आकड्यावर हे लक्ष्य गाठता येणार नाही. राहिलेले मूल नावानिशी सापडले पाहिजे, आणि सहा वर्षांवरील मुले एकत्र सापडण्याची जागा शाळाच आहे.

नोंद ठेवल्याने काय होते?

अमेरिकेत शाळाप्रवेशाच्या वेळी लसीचा पुरावा मागण्याचा कायदा सर्व राज्यांत आहे. अनेक राज्यांत त्यातून सूटही घेता येते. २०२५ च्या जानेवारीत टेक्सास राज्यातील गेन्स काउंटीत गोवरची मोठी साथ सुरू झाली आणि त्या राज्यात लस न घेतलेली दोन मुले दगावली. शाळांच्या नोंदीतून आधीच दिसत होते, की त्या भागात शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्क्यांनाच गोवरचे डोस पूर्ण मिळाले होते. म्हणजे खड्डा कुठे आहे ते नोंद दाखवते. तो भरण्याचे काम मात्र माणसांनीच करायचे असते. आपल्याकडे तर खड्डा कुठे आहे हेच पुष्कळदा साथ आल्यावर कळते.

जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की शाळेत येताना मुलाचे लसीचे कार्ड पाहावे आणि राहिलेले डोस पूर्ण करून घ्यावेत. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. आमच्या मते आपल्या शाळांत चार गोष्टी केल्या तरी मोठा फरक पडेल.

पहिली गोष्ट : पहिली, पाचवी आणि दहावी या तीन वर्गांसाठी एक पानी तक्ता. त्यात हजेरी क्रमांक, नाव, जन्मतारीख, त्या वयाचा डोस, तारीख, आणि एक महत्त्वाचा रकाना : ही माहिती कशावरून लिहिली? "कार्ड पाहून", "पालकांच्या सांगण्यावरून" आणि "माहिती नाही" या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळ्यांपुढे एकसारखी बरोबरची खूण केली तर तक्ता भरतो, पण त्यातून काहीच कळत नाही. तसेच "नोंद नाही" म्हणजे "लस नाही" असे नव्हे. नोंद नसलेल्या मुलाला कोणता डोस द्यायचा हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. शिक्षकाने फक्त त्याचे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे.

दुसरी गोष्ट : पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कार्ड पाहणे. २०२२ पासून आपल्या राज्यात शाळा पूर्वतयारी मेळावे होतात. पालक मुलांना घेऊन येतात आणि वेगवेगळ्या टेबलांवर मुलांची तयारी पाहिली जाते. त्यांतच एक टेबल डोसच्या कार्डाचे ठेवावे. आशाताई किंवा आरोग्य सेविका तेथे बसल्या तर कार्ड वाचणे सोपे होईल. यात उशीर करून चालत नाही, कारण सरकारी वेळापत्रकात डीपीटी सात वर्षांपर्यंतच देता येते. पहिलीचे वर्ष हातचे गेले की हा डोस कायमचा राहतो.

तिसरी गोष्ट : शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक ओळ. "टीडी १० वर्षे : दिली, तारीख अमुक" किंवा "बाकी". छापील नमुन्यात रकाना येईपर्यंत ही माहिती प्रगतिपुस्तकात लिहिता येईल. त्यामुळे चौथी-पाचवीचा सांधा बुजेल. नव्या शाळेला पहिल्या दिवशीच कळेल, की कोणाचा डोस बाकी आहे.

चौथी गोष्ट : स्थलांतराला जाणाऱ्या मुलांसोबत नोंद देणे. अशा मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. त्याच कार्डाच्या मागे लसीचा तपशील लिहिला, तर कारखान्यावरच्या किंवा भट्टीवरच्या वस्तीतील आरोग्य सेविकेला तो वाचता येईल. लस द्यायची तीही दिवाळीआधी.

नोंद दार उघडण्यासाठी, बंद करण्यासाठी नव्हे

येथे आपण सावध राहिले पाहिजे. कागद मागितला गेला की सर्वात आधी कोण अडते, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, पावसात घर गळणाऱ्या, वर्षातले सहा महिने परगावी असणाऱ्या कुटुंबाचे कार्ड हरवते. लसीचे कार्ड नाही म्हणून एखाद्या मुलाला शाळेने परत पाठवले, तर लसही गेली आणि शिक्षणही गेले.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, आणि शाळा बदलताना दाखला मिळायला उशीर झाला तरी प्रवेश थांबवता येणार नाही. लसीच्या कार्डालाही हेच तत्त्व लागू झाले पाहिजे. आधी प्रवेश, मग चौकशी, मग डोस. कार्ड नसलेले मूल शाळेत असले तरच त्याला लस देता येईल.

दुसरी काळजी नावांची. राहिलेल्या मुलांची यादी फळ्यावर लावू नये, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये, प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवू नये. अशा यादीत एकाच वस्तीची नावे जास्त दिसली, की "त्या वस्तीतली मुले आजार आणतात" अशी कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही. अस्पृश्यतेला नवे निमित्त मिळेल असे काहीही आपण होऊ देता कामा नये. यादी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आरोग्य सेविका यांच्यापुरतीच राहावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर देतो. म्हणून पालकांना माहिती कशासाठी घेतली जाते हे त्यांच्या भाषेत, गरज पडली तर अहिराणीत, पावरीत समजावून सांगावे.

तिसरी काळजी संमतीची. लस कोणती, का, काय त्रास होऊ शकतो, ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे आधी सांगितले तर पालक सहसा नकार देत नाहीत. न सांगता सुई टोचली, की अफवा पसरते आणि पुढच्या वर्षी वर्ग रिकामा राहतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

शिक्षकांवर आणखी एक काम लादायचे आणि आपण बाजूला व्हायचे, हे योग्य नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार, ऑनलाईन माहिती यांनी शिक्षक आधीच वाकले आहेत. आरोग्य सेविकेकडेही अनेक गावे असतात. तरुणांनी हात लावला तरच हे काम पुढे जाईल.

शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. तुमच्या वस्तीतील कोण या समितीवर आहे ते शोधा. नसेल तर पुढच्या निवडीला उभे करा. समितीच्या बैठकीत एकच ठराव मांडा : पहिली, पाचवी, दहावीचा लसीचा तक्ता दरवर्षी ठेवावा आणि त्यातील फक्त आकडे, नावे नव्हेत, समितीपुढे यावेत.

दुसरे, शाळेच्या वर्षाला धरून चाला. जूनमध्ये पटनोंदणी झाली की कार्डे जमा करून तक्ता भरायचा आणि कार्डे त्याच दिवशी परत करायची. जुलै-ऑगस्टमध्ये बाकी मुलांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची आणि शाळेत किंवा अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस ठरवायचा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी राहिलेल्यांसाठी दुसरी फेरी. एप्रिलमध्ये निकालासोबत दाखला देताना लसीची ओळ लिहिली गेली का ते पाहायचे.

तिसरे, वस्तीत कार्ड शोधण्याची मोहीम घ्या. विहारात किंवा समाजमंदिरात रविवारी तासभर बसलात तरी पुरे. घरोघरची कार्डे आणायला सांगा, पालकांच्याच मोबाईलवर त्यांचे फोटो काढून द्या, आणि मुलाच्या जन्मदाखल्यासोबत कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायला सांगा. फोटो तुमच्या मोबाईलवर ठेवू नका. कार्ड हरवले असेल तर जेथे डोस घेतले त्या उपकेंद्रात किंवा दवाखान्यात जुने रजिस्टर पाहता येते का ते विचारा. यू-विनवर नोंद असलेल्या बाळांचे प्रमाणपत्र उतरवून घ्यायला मदत करा.

चौथे, माहिती अधिकाराचा उपयोग करा. तालुक्यातील शाळांत गेल्या वर्षी पहिली, पाचवी आणि दहावीचा पट किती होता आणि त्यांपैकी किती मुलांना त्या वयाचा डोस मिळाला, हे शाळानिहाय विचारा. नावे मागू नका. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. "नावानिशी माहिती उपलब्ध नाही" असे उत्तर आले, तर तेच उत्तर घेऊन ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत जा. नोंदीची गरज त्या एका वाक्यानेच सिद्ध होते.

या कामात मोठी घोषणा नाही आणि फोटो काढण्यासारखेही फार काही नाही. एक तक्ता, तीन वर्ग, वर्षातून चार वेळा पाठपुरावा. साक्री तालुक्यातील एखादी मुलगी चौथी झाल्यावर हायस्कुलात जाईल, दिवाळीनंतर आई-वडिलांसोबत बारडोलीकडे जाईल, आखाजीला परत येईल. तिच्यासोबत तिची नोंद गेली, तर वाटेत कोणीतरी तो कागद वाचून म्हणेल, "हिचा एक डोस बाकी आहे, आज देऊन टाकू." आपल्या पणजोबांची ओळ कोणा गुरुजींनी लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला कामी येते. आपल्या मुलांची ही ओळ या जूनपासून लिहायला घेऊ.